झाकण उघडण्याआधी विचारा

भंगारात आलेला बंद ड्रम छिन्नीने फोडायचा, वास घ्यायचा आणि ‘थिनर आहे’ की ‘ॲसिड आहे’ ते सांगायचं, याला आपल्या वस्त्यांमध्ये अनुभव म्हणतात. मला मात्र यात कारखान्याने झटकलेली जबाबदारी दिसते. ती आपल्या पोरांच्या फुप्फुसांवर येऊन पडते.

मी रासायनिक प्रयोगशाळेत काम करते. अनोळखी ड्रममधून नमुना घेताना आम्ही आधी तो लांबून पाहतो. फुगलेला असेल तर आत दाब आहे. झाकणाभोवती स्फटिक जमले असतील तर नुसत्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. अशा ड्रमला हात लावायचा नाही. बाकीच्यांना अर्थिंग द्यायचं, ठिणगी न पाडणाऱ्या पान्याने बूच हळूहळू सैल करायचं, वाफ मीटरने मोजायची. मग काचेची लांब नळी सावकाश तळापर्यंत सोडायची, म्हणजे वरपासून खालपर्यंतचे सगळे थर नमुन्यात येतात. अंगावर संरक्षक कपडे, तोंडावर योग्य मास्क आणि जवळ दुसरा माणूस हवाच. वापरलेली नळीसुद्धा घातक कचऱ्यातच जाते.

न विचारता उघडण्याची किंमत दिल्लीच्या मायापुरीने 2010 मध्ये मोजली. विद्यापीठाने लिलावात विकलेलं जुनं यंत्र भंगारवाल्यांनी उघडलं. आत किरणोत्सारी कोबाल्ट होतं. एक कामगार दगावला. आत काय आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगणं हे उपकार नाहीत. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार अशा ड्रमवर पिवळं लेबल हवं, त्यावर लाल अक्षरांत इशारा हवा, आणि तो स्थानिक भाषेतही हवा. म्हणजे महाराष्ट्रात मराठीत. रसायन लागलेले रिकामे ड्रमही याच नियमांत येतात.

‘लेबल मागितलं तर माल शेजारचा घेईल,’ असं दुकानदार म्हणतात. खरं आहे. म्हणूनच एकट्याने नव्हे, अख्ख्या गल्लीने मिळून नकार द्यायला हवा. मित्रांनो, तुमच्यातले अनेकजण शिकलेले आहेत. ते नियम वाचा, वडीलधाऱ्यांना समजावून सांगा, बिनलेबलाच्या ड्रमचा फोटो काढून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. धंदा बंद करा असं मी म्हणत नाही. आत काय आहे, एवढंच आधी विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत छिन्नी खाली ठेवा.