दोन मिनिटांचा वाचक

बेळगावहून लोंढ्याकडे जाणारी आगगाडी खानापूर सोडून पुढे निघाली की गुंजीचे स्थानक लागते. या टापूतील मराठी माध्यमाची मुले कर्नाटक मंडळाची एस.एस.एल.सी. परीक्षा देतात, प्रथम भाषा म्हणून मराठीची पत्रिका सोडवतात, आणि निकाल हाती आला की घरोघरी एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. गणिताचे गुण कुठे गेले ते समजते. निबंधाचे गुण कुठे गेले? गणितातील चूक वडीलधाऱ्यांना बोट ठेवून दाखवता येते. निबंधात बोट ठेवायला जागाच सापडत नाही. मग कुणी मुलाच्या अक्षराला दोष देतो, कुणी गुरुजींना, तर कुणी 'आमचा मुलगा सीमेवरचा, म्हणून कापले असतील' असे म्हणून मोकळा होतो.

वाचकहो, हा प्रश्न केवळ गुंजीचा नाही आणि आजचाही नाही. घड्याळ लावून लिहिलेल्या निबंधाला गुण कसे द्यावेत या विषयावर शिक्षणशास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षे डोके खाजवले आहे. १९१२ साली अमेरिकेतील स्टार्च आणि एलियट या दोन संशोधकांनी इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या नकला अनेक शाळांकडे पाठविल्या. १४२ शिक्षकांकडून गुण आले. शंभरपैकी एकाने ५० दिले होते, तर दुसऱ्याने ९७! तेव्हा काही विद्वान म्हणाले, भाषेचे असेच चालायचे. म्हणून पुढच्याच वर्षी त्यांनी भूमितीची पत्रिका तशीच पाठविली. तेथे तर २८ पासून ९५ पर्यंत गुण पडले. आपण भूमितीवर ठेवलेला विश्वासही, पाहा, काहीसा भाबडाच म्हणायचा.

दुसरा प्रयोग आपल्याला अधिक जवळचा आहे, कारण तो करणारे सर फिलिप हार्टॉग हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. हिंदुस्थानातील शिक्षणाविषयीचा १९२९ सालचा हार्टॉग समितीचा अहवाल त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाला. मायदेशी परतल्यावर त्यांनी ऱ्होड्स या सहकाऱ्यासह इंग्लंडमधील परीक्षांचीच परीक्षा घेतली. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका त्यांनी परीक्षकांना तपासावयास दिल्या आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच पत्रिका त्याच परीक्षकांपुढे पुन्हा ठेवल्या. २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय बदलले. नापास झालेला पास झाला, पास झालेला नापास. परीक्षक तोच, कागद तोच. बदलला होता तो केवळ दिवस. १९३५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा तिकडे बरीच खळबळ उडाली होती.

या परीक्षकांना आळशी वा पक्षपाती ठरविण्याचे कारण नाही. प्रामाणिक माणसेही निबंधात निरनिराळ्या गोष्टी शोधतात. १९६१ साली अमेरिकेत महाविद्यालयातील पहिल्या वर्षाच्या मुलांचे ३०० निबंध ५३ जाणत्या वाचकांना दिले गेले. त्यांत प्राध्यापक होते, वकील होते, संपादक होते, व्यापारीही होते. श्रेणी नऊ होत्या, आणि ३०० पैकी १०१ निबंधांना त्या नऊच्या नऊ श्रेणी कुणा ना कुणाकडून मिळाल्या! छाननी केल्यावर दिसून आले की वाचकांचे जणू पाच गट आहेत. एका गटाला विचार हवा असतो, दुसऱ्याला मांडणी. तिसरा शुद्धलेखन आणि व्याकरण पाहतो, चौथा शब्दयोजना, आणि पाचव्याला लिहिणाऱ्याचे व्यक्तित्व भावते. आपल्या मुलाची वही यांपैकी कुणाच्या हाती पडावी हे ठरविणारा कुणी नसतो.

त्यातच वेळेची अडचण. घड्याळ लिहिणाऱ्यापुढे असते तसे तपासणाऱ्यापुढेही असते. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या सॅट परीक्षेत २००५ साली निबंध सक्तीचा झाला. (आपल्या वाचकांपैकी ज्यांची भाचे-पुतणी तिकडे वाढली, त्यांना हा अनुभव ठाऊक असेल.) वेळ २५ मिनिटे. प्रत्येक निबंध दोन परीक्षक स्वतंत्रपणे वाचत आणि प्रत्येकी १ ते ६ गुण देत. दोघांत एकापेक्षा अधिक गुणांचे अंतर पडले तर तिसऱ्याला पाचारण होई. एका निबंधाला मिळत अवघी दोन-तीन मिनिटे. तेवढ्यात चुका मोजावयाच्या नाहीत, एकंदर ठसा कसा उमटतो तेवढे पाहावयाचे, अशी सूचना असे. निबंधातील माहिती खरी की खोटी हेही पाहिले जात नसे. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील लेस पेरेलमन यांनी प्रसिद्ध झालेले नमुना-निबंध तपासले तेव्हा त्यांना आढळले की लांब निबंधाला बहुधा अधिक गुण आणि आखूड निबंधाला कमी. दुरून लांबी पाहूनही गुणांचा अंदाज बांधता येई! २०१६ मध्ये हा निबंध ऐच्छिक झाला आणि २०२१ मध्ये तो सर्वसाधारण परीक्षेतून जवळजवळ नाहीसाच झाला. यंत्राकडून तपासणी करण्याचेही प्रयोग झाले आहेत. पेरेलमन यांनी तेथेही भारदस्त पण अर्थशून्य वाक्यांचे निबंध संगणकाकडूनच लिहवून घेतले आणि तपासणाऱ्या यंत्राने त्यांना उत्तम गुण बहाल केले.

तरीही दोन परीक्षकांची ती पद्धत मला मुळात शहाणपणाची वाटते. भाताचे माप एक मापारी शिगोशीग भरतो, दुसरा काठाशी सपाट करतो. दोघांचे मिळून जे माप येते ते एकट्याच्या मापापेक्षा न्याय्य असते. निबंधाचेही तसेच आहे. एकाने वीस मिनिटे बारकाईने वाचण्यापेक्षा चौघांनी झरझर वाचून दिलेल्या गुणांची सरासरी अधिक विश्वसनीय ठरते, असा अनुभव आहे. चीनमध्ये महाविद्यालय-प्रवेशाच्या परीक्षेत भाषेच्या १५० गुणांपैकी ६० गुण निबंधाला असतात. तेथेही वही दोघांकडे जाते आणि मतभेद झाला तर तिसऱ्याकडे. आपल्या शालान्त परीक्षांत मात्र सर्वसाधारणपणे एकच परीक्षक वाचतो, आणि त्याच्यावरील नियामक काही निवडक पत्रिका पडताळून पाहतो. एवढ्यावर मुलाची योग्यता ठरते.

आता आपल्याकडचा इतिहास पाहा. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. तिचे नावच प्रवेश परीक्षा असे होते, आणि पुढे न्यायमूर्ती झालेले महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीतले. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन होईपर्यंत बेळगावच्या मुलांनाही त्याच मुंबईच्या दारातून आत जावे लागे, आणि त्या दारात लिहिता येणे ही अट होती. आज प्रवेशाचे दार वेगळे आहे. कर्नाटकाची सी.ई.टी. काय, वैद्यकीय प्रवेशाची नीट काय, सगळीकडे चार पर्यायांतून एक निवडावयाचा. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून घेतल्या जाणाऱ्या सी.यू.ई.टी. परीक्षेत मराठी हा विषय घेता येतो, ही आनंदाची गोष्ट. परंतु तेथेही मराठीचे एक वाक्य स्वतः रचावे लागत नाही. परीक्षकांतील तफावत टाळण्यासाठी लिहिणेच काढून टाकले! दोन वाचक नेमणे खर्चाचे, हे मान्य. तथापि जे परीक्षेत विचारले जात नाही ते शाळेत फार दिवस शिकवलेही जात नाही, आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलाला सलग मराठी लिहिण्याची शाळेखेरीज दुसरी जागा ती कोणती?

लेखनाची कसोटी एकदम पुढे येते ती संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत. तेथे २५० गुणांची निबंधाची स्वतंत्र पत्रिका आहे. तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी हजार-बाराशे शब्दांचे. आणि ती पत्रिका मराठीतून लिहिण्याची मुभा आहे. गुंजीच्या मुलालाही ती आहे. दहावीनंतर सहा-सात वर्षे ज्याने मराठीचा परिच्छेद लिहिला नाही त्याने त्या तीन तासांत काय करावे?

सीमाभागातील मुलाचा आणखी एक प्रश्न आहे. या भागात 'पण' या अर्थी 'खरं' हा शब्द सर्रास वापरला जातो. 'मी गेलो होतो, खरं तो घरी नव्हता.' अशी वाक्ये निबंधात उतरतात. शुद्धलेखन पाहणारा परीक्षक ती खोडील, व्यक्तित्व शोधणारा कदाचित खूश होईल. मुलाला बोलीची लाज वाटेल असे काही करू नये, पण संवादात बोली आणि निवेदनात प्रमाणभाषा हा भेद त्याला आठवीतच दाखवून द्यावा.

निकालाबाबत समाधान नसेल तर स्वस्थ बसू नये. १९८४ साली महाराष्ट्राच्या शिक्षण मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, पत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला नाही, असा मंडळाचा नियम उचलून धरला होता. माहितीच्या अधिकाराचा कायदा आल्यावर २०११ साली त्याच न्यायालयाने तपासलेली पत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क मान्य केला. कर्नाटक मंडळाकडेही शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. ती मागवावी आणि घरात सर्वांनी वाचावी. दोन मिनिटांच्या वाचकाला पहिल्या चार ओळींत विषय सापडतो का, परिच्छेद सुटे दिसतात का, शेवट घाईत तुटला आहे का, हे आई-वडिलांनाही कळते. त्यासाठी पदवी लागत नाही.

शिक्षक वाचकांना एक सुचवावेसे वाटते. सहामाहीचे वीस निबंध घ्यावेत, नावे झाकून क्रमांक घालावेत आणि तिघा शिक्षकांनी ते वेगवेगळे तपासावेत. गुण वहीवर न मांडता स्वतंत्र कागदावर लिहावेत, म्हणजे पहिल्याचा आकडा दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे येणार नाही. मग तिन्ही कागद मुलांसमोर फळ्यावर उतरवावेत, आणि ज्या निबंधावर सर्वाधिक मतभेद झाला असेल तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवावा.