पहिलं मिनिट कोणाच्या हातात?

दवाखान्यासाठी वर्गणी जमली की आपण आधी ॲम्ब्युलन्सचा विचार करतो. माझा आक्षेप इथेच आहे. १० नवजात बाळांपैकी साधारण एकाला श्वासासाठी मदत लागते, तीही पहिल्या मिनिटात. लोणारहून बुलढाण्याला निघेपर्यंत ते मिनिट सरलेलं असतं. बाळ वाचवते ती जागेवरची नर्स: अंग पुसून, पाठ चोळून, गरज पडल्यास बॅग-मास्कने हवा देऊन. सरकारचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ पासून हेच शिकवतो. पण सराव सुटला की काही महिन्यांत कौशल्य ओसरतं, प्रमाणपत्र तेवढं भिंतीवर राहतं. म्हणून बाहुलीवर प्रत्यक्ष सराव आणि वारंवार उजळणी असलेलंच प्रशिक्षण निवडायला लावा. दोस्तांनो, कानात अजान देण्याआधी बाळाला श्वास हवा. दवाखान्यात विचारा: आज रात्रपाळीत बॅग-मास्क कोणाला येतं?