कढीपत्त्यावरच्या अळ्या

पाऊस स्थिरावला की पाटण खोऱ्यातल्या परसबागा नव्याने फुलू लागतात आणि आमच्याकडे झाडांविषयीचे प्रश्नही येऊ लागतात. परवा पाटणजवळच्या एका गावातील अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मावशींनी विचारले, "कढीपत्त्याची पाने अळ्यांनी कुरतडली आहेत. सूनबाईंनी औषध आणून ठेवले आहे. फवारावे का?" गुडघ्यांमुळे मावशींचे देवळात जाणे थांबले आहे. सोप्यात बसून ते झाड पाहण्यातच त्यांचा बराचसा दिवस जातो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

उत्तर असे, की फवारू नये. कढीपत्त्यावर आणि लिंबावर दिसणाऱ्या अशा अळ्या बहुधा फुलपाखरांच्या असतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात आणि पुढे कोषात जातात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेले नीलवंतही लिंबाच्या कुळातील झाडांवरच अंडी घालते. वाढलेल्या झाडाला काही पाने गेल्याने धोका नसतो, त्याला पुन्हा पालवी फुटते. रोप अगदीच लहान असेल, तर अळ्या हलक्या हाताने पानासह उचलून मोठ्या झाडावर ठेवाव्यात. शिवाय ज्या पानांची फोडणी आपण आमटीला देतो, त्यांवर विषारी औषध मारणे घराच्याही हिताचे नाही.

फुलपाखरे, मधमाश्या आणि पक्षी अंगणात यावेत असे वाटत असेल, तर झाडांची निवड करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : वर्षभर काही ना काही फुलत राहिले पाहिजे. तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या हमखास येतात, म्हणून साऱ्याच मंजिऱ्या खुडू नयेत. जास्वंद लावायची तर एकेरी पाकळ्यांची लावावी. दुहेरी फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे कीटकांच्या वाट्याला पराग फारसा येत नाही. एक्झोराच्या गुच्छांवर फुलपाखरे आणि शिंजीर दोन्ही येतात. पावसाळ्यात तेरडा, पुढे झेंडू आणि शेवगा असा क्रम सहज साधतो. जून झालेली कोथिंबीर उपटून न टाकता फुलू द्यावी, तिची इवली पांढरी फुले लहान माश्यांना फार आवडतात. परस मोठे असेल, तर भिंतीपासून आणि विहिरीपासून दूर एखादे उंबर किंवा जांभूळ असावे. उंबर पिकले की बुलबुल आणि तांबट न बोलावता येतात. घाणेरीवर फुलपाखरे पुष्कळ येतात, तरी ती मुद्दाम लावू नये. ती परकी आहे आणि रानात पसरून स्थानिक झुडपांची जागा घेते. कण्हेर विषारी असल्याने नातवंडांच्या घरी टाळलेली बरी.

पक्ष्यांसाठी दाण्यांपेक्षा झाडे बरी, हे आरोग्याच्या दृष्टीनेही खरे आहे. रोज दाणे टाकले की कबुतरे जमतात आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ श्वासावाटे सतत गेल्यास काहींना फुप्फुसांचा चिवट विकार जडतो. दमा असलेल्या वृद्धांनी याबाबत विशेष जपावे. पाणी मात्र जरूर ठेवावे. भांडे उथळ असावे, पाणी रोज बदलावे आणि आठवड्यातून एकदा भांडे घासून कोरडे करावे, म्हणजे डासांची अंडी उरत नाहीत.

आता थोडे आपल्या स्वतःविषयी. कोयनेकाठच्या पावसात फरशीवर शेवाळ चटकन धरते आणि उतारवयातले एक घसरणे कित्येक महिन्यांचे अंथरूण देते. म्हणून कुंड्या कमरेच्या उंचीच्या कट्ट्यावर, उठता-बसता आधार मिळेल अशा ठिकाणी मांडाव्यात. मातीत हात घालताना हातमोजे आणि पायात चप्पल असावी. मधुमेह असणाऱ्यांना पायाची लहान जखम कित्येकदा जाणवतही नाही. मातीतल्या जखमेतून धनुर्वाताचा धोका असतो, तेव्हा लशीविषयी डॉक्टरांना विचारून ठेवावे. माश्यांची वर्दळ असणारी फुलझाडे बसण्याच्या जागेपासून चार-पाच पावले दूर असावीत. आग्या मोहोळ बसल्यास धूर करण्याचे धाडस घरच्यांनी करू नये, जाणकारांनाच बोलवावे.

काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना एक विनंती. बागेचे सारे काम वडीलधाऱ्यांच्या हातून काढून घेऊ नका. जड कुंडी तुम्ही उचला, पाण्याचे लहान भांडे त्यांच्या हाती राहू द्या. संध्याकाळी औषधाची गोळी देताना, "आज झाडावर कोण आले होते?" एवढे विचारा. सांगण्यासारखे काही असले, तर माणूस सकाळी उठून बाहेर येतो.

मावशींच्या सूनबाईंनी औषधाची बाटली दुकानात परत केली. कढीपत्त्यावर आता तीन कोष आहेत, असा मावशींचा निरोप आहे.