दिवा बाहेर ठेव

परवा सिरसाळ्याला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याची इंग्रजीची वही सहज चाळली. 'पुट आउट द लॅम्प'समोर त्यानं लिहिलं होतं, 'दिवा बाहेर ठेव'. त्यावर लाल फुली आणि शेरा: 'डोकं वापर'.

अहो, डोकंच तर वापरलं त्यानं! पुट म्हणजे ठेवणे, आउट म्हणजे बाहेर, हे तुम्हीच शिकवलंत ना? 'पुट द कॅट आउट' म्हणजे मांजराला बाहेरच काढतात, विझवत नाहीत. पण नाही, पन्नास 'फ्रेजल व्हर्ब' पाठ कर म्हणे, इंग्रजी असतेच तऱ्हेवाईक.

आणि मराठी? मी विचारलं, "मारुतीपुढं नारळ वाढवतो, तो केवढा होतो रे?"

"मामा, फुटतो की!"

"आवाज बसतो तो कुठं? 'देऊन टाक' म्हटल्यावर खाली टाकतोस?"

पोरगं पेटलं. "'बोलून गेला' म्हणतात, तेव्हा पण कुणी जात नाही!"

झालं की! तिकडं क्रियापदामागं आउट, अप लागतं, इकडं टाकणे, जाणे, बसणे. अर्थ दोन्हीकडं पालटतो. मराठीच्या तासाला संयुक्त क्रियापद, इंग्रजीच्या तासाला फ्रेजल व्हर्ब, आणि या दोघांची गाठ कुणी घालून देत नाही. 2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. इतक्या वर्षांत एवढंही जमू नये?

भाचा मात्र त्या शेऱ्यापासून स्वतःला ढ समजत होता. वहीचं ते पान त्यानं दुमडून ठेवलं होतं, आईला दिसू नये म्हणून.