घडीच्या स्टुलावरची आजी

परवा रात्री साडेनऊला मी लॅपटॉपसमोर डोकं धरून बसले होते. आर्टिकल सकाळी द्यायचं होतं. विषय काय, तर 'घरातल्या ज्येष्ठांना वेळ देणारी तरुण पिढी'! आणि तेवढ्यात आजीचा फोन. "आजी, नंतर करते गं," म्हणून मी कट केला. महिन्यात हे वाक्य कितव्यांदा बोलले, ते मोजायची माझी हिंमत नाही. तुमचीही नसेल.

फोन ठेवला आणि मास कॉमला असताना पाहिलेला एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आठवला. साल 1973, कॅलिफोर्निया. द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप चाललाय. कमरेला पिस्तूल लावलेले दोन पोलीस उभे आहेत आणि त्यांच्यासमोर घडीच्या स्टुलावर हॅट घातलेली एक आजी शांतपणे बसलीय. वय 75. नाव डोरोथी डे. त्या संपात तिला अटकही झाली.

आता आपण अशा बायकांना हात जोडतो आणि मोकळे होतो. पण डोरोथीची सुरुवात अगदी आपल्यासारखी होती. 1897 साली ब्रुकलिनमध्ये जन्म. कॉलेज अर्धवट सोडून न्यूयॉर्कमध्ये रिपोर्टर झाली. डाव्या विचारांची वर्तमानपत्रं, रात्री उशिरापर्यंत गप्पा, प्रेमप्रकरणं, ब्रेकअप... सगळं झालं. 1926 मध्ये मुलगी झाली, टमार. तिचे वडील फॉर्स्टर यांना लग्न आणि धर्म दोन्ही नामंजूर. डोरोथी मात्र चर्चकडे ओढली गेली. 1927 च्या डिसेंबरात, वयाच्या तिसाव्या वर्षी, तिनं बाप्तिस्मा घेतला आणि ते नातं संपलं.

1 मे 1933. महामंदीचे दिवस. पीटर मॉरिन या फ्रेंच अवलियाबरोबर तिनं 'द कॅथलिक वर्कर' हा पेपर काढला. किंमत फक्त एक सेंट! बेघरांना आसरा द्या, असं पेपरात छापलं आणि बेघर माणसं तिच्याच दारात येऊन उभी राहिली. मग काय, घर उघडलं. सूप, ब्रेड, कॉफी, झोपायला खाट. माझ्या आजीची काकडआरती चुकत नाही, तसं तिचं रोजचं मास चुकायचं नाही. अंगावर मात्र लोकांनी दान दिलेले कपडे. आज अशी शंभराहून जास्त घरं आहेत.

पण खरी गोष्ट पुढे आहे. जगाला वेळ देणाऱ्या या आईचा वेळ टमारला पुरेसा मिळाला नाही. आई भाषणांच्या दौऱ्यावर आणि पोर बोर्डिंगमध्ये, नाहीतर ओळखीच्यांकडे. घरी असली तरी आई शंभर जणांत वाटलेली. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे फक्त बेघरांच्या जागी क्लायंट असतात.

टमारला पुढे नऊ मुलं झाली आणि डोरोथी आजी झाली. 1948 च्या सुरुवातीला तिसऱ्या बाळंतपणासाठी ती वेस्ट व्हर्जिनियातल्या लेकीच्या शेतावर जाऊन राहिली. चूल, कपडे, रडकी पोरं हे सगळं तिनं युद्ध आणि गरिबीइतक्याच आस्थेनं लिहून ठेवलं. पुढे लेकीचं बिऱ्हाड व्हरमाँटला गेलं, तेव्हा तिथेही तिच्या फेऱ्या सुरू राहिल्या. जुना हिशेब पूर्ण फिटला का? केट हेनेसी या नातीनं 2017 मध्ये आजीवर पुस्तक लिहिलं. त्यात मायलेकींचं प्रेम आहे, तसे ओरखडेही आहेत. नातीनं झाकलं नाही, हे मला फार आवडलं.

29 नोव्हेंबर 1980 ला डोरोथी गेली, तेव्हा टमार शेजारी होती. साध्या पाइनच्या लाकडाची शवपेटी नातवंडांनी उचलली. 2000 साली व्हॅटिकननं तिच्या संतपदाच्या प्रक्रियेला मान्यता दिली. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकन काँग्रेसमध्ये तिचं नाव घेतलं. 2023 पासून स्टेटन आयलंडच्या फेरीबोटींपैकी एक तिच्या नावानं धावतेय. म्हणजे ऑफिसला जाणारी माणसं आता 'डोरोथी डे'मध्ये बसून कामावर जातात.

मला यातला कुठला पुरस्कार मोठा वाटला, विचाराल तर ती नातवंडांनी उचललेली पेटी. 'वर्क-लाइफ बॅलन्स' डोरोथीलाही जमला नव्हता. पण लेकीच्या दाराशी ती परत परत जात राहिली.

सव्वादहाला मी आजीला फोन लावला. "झालं का गं काम?" तिनं विचारलं.

"नाही झालं. तू बोल."

तासभर बोलत होती. आर्टिकल उशिरा गेलं. एडिटर चिडले, चालायचंच!