‘ड’ जीवनसत्त्वाचा फैसला

ज्याच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व अल्प, त्याला श्वसनविकार अधिक ग्रासतो, ही वार्ता करोनाच्या साथीत घरोघर पोहोचली; परंतु त्या न्यूनतेमुळे रोग बळावतो की रोगाच्या दाहानेच ती न्यूनता उद्भवते, हा मूळ तंटा फारसा कोणाच्या खिजगणतीत नव्हता. ब्राझीलमधील साओ पाउलो येथे इस्पितळांत दाखल झालेल्या करोनाच्या २४० रुग्णांपैकी निम्म्यांना या जीवनसत्त्वाची एकदाच २ लक्ष एककांची (केवढी जबर!) मात्रा देण्यात आली. रक्तातील प्रमाण यथास्थित वाढले. इस्पितळातील मुक्काम मात्र दोन्ही गटांत मध्यकानुसार ७ दिवसांचाच राहिला, असा निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला. हाडांसाठी ‘ड’ जीवनसत्त्वाची गोळी वैद्यकीय सल्ल्याने अवश्य घ्यावी. धाप लागल्यावर मात्र तिच्या भरवशावर, वाचकहो, घरी बसू नये.