कापड आलं, कपडे कुठे?

जळगावहून अजिंठ्याला जाताना वाटेत पहूर लागतं. आजूबाजूला कपाशीची शेतं. अशा कुठल्याही बाजाराच्या गावात दोन तऱ्हेच्या पाट्या दिसतात : 'कापड दुकान' आणि 'रेडिमेड कपडे'. पहिल्या दुकानात ठाण उलगडतात, मीटरने मोजतात आणि टर्रकन फाडून देतात. दुकानदाराने कापड फाडलं की गिऱ्हाईक खूश! तुम्ही मात्र खेळताना कपडे फाडून घरी जा बरं, काय होतं ते बघा.

म्हणजे कापड ठाणातलं, कपडे अंगावरचे. मधे शिंप्याची सुई. सोपं आहे ना? पण मग साडीचं काय? आजोबांच्या धोतरालाही सुई लागत नाही. तरी दोन्ही कपडेच. तेव्हा खरा फरक सुईचा नाही. नेसता किंवा घालता येईल असं तयार झालं, की कापडाचे कपडे होतात.

खेड्यातली आजी म्हणते, "कापडं धुवायला टाक रे." हसू नका. तिच्या बोलीत कापड म्हणजे ठाणातलं आणि कापडं म्हणजे कपडे. शिंप्याचं काम एका अनुस्वाराने केलं की!

हा फरक किती महाग पडतो, ते २०२४-२५ च्या शालेय वर्षात दिसलं. राज्यातल्या सरकारी शाळांत मोफत गणवेशाची नवी पद्धत आली. एक गणवेश बचत गटांतल्या महिलांनी शिवायचा होता. दुसऱ्याचं, म्हणजे स्काऊट-गाइडच्या गणवेशाचं, नुसतं कापड शाळांना मिळणार होतं. शिलाईला १०० रुपये. आता शंभरात कोणता शिंपी पूर्ण गणवेश शिवील, हे तुमच्या आईबाबांनाच विचारा. बऱ्याच मुलांना महिनोन् महिने थांबावं लागलं. कापड आलं तरी अंगात जुनाच सदरा. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुढच्या वर्षापासून पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यायचं ठरलं.

आणखी एक गंमत. कापड हा शब्द संस्कृत 'कर्पट'वरून आला आणि कर्पट म्हणजे फाटकं, ठिगळं लावलेलं वस्त्र. लत्ता म्हणजेही चिंधीच. तरी दिवाळीला आपण ऐटीत 'कपडालत्ता' घ्यायला निघतो!

बरं, तुमच्या पलंगावरची चादर कापड की कपडा? आधी आईला विचारा, मग बाबांना वेगळं.